चंपावहिनींचा ब्राउझर कुणी पुसला

१

संघमित्रा माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या. रोज इस्त्रीचे कपडे घालून पवईच्या ऑफिसला जाणारी ही चंपावहिनींची मुलगी अनवाणीच उतार चढून आली होती. तिला धड बोलताही येत नव्हतं.

"काका, आईचं सगळं गेलं. कुणीतरी पुसलं."

निवृत्त माणसाचा सकाळचा चहा मोडणं हा आमच्या वस्तीत गुन्हा धरला जायला हवा असं माझं जुनं मत आहे. पण तिचा चेहरा बघून मी कप खाली ठेवला. विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात माझी हयात गेली. आग लागली म्हणून सांगणाऱ्याच्या गोदामातली राख चिवडायची, आणि माल जळाला की आधीच विकला ते शोधायचं. त्यामुळे विक्रोळीच्या या डोंगरउतारावर कुणाचा हंडा हरवला तरी लोक जयवंतकाकांना बोलावतात. हंडा बहुतेक वेळा त्याच घरात सापडतो, पण ते असो.

वाटेत तिनं जे सांगितलं त्यातलं निम्मं मला ठाऊकच होतं. आमची वस्ती पुनर्विकासात जाणार आहे. पात्र-अपात्रची यादी लागली आणि चंपावहिनी अपात्र निघाल्या, कारण खोली नवऱ्याच्या, म्हणजे चंदरच्या नावावर आणि चंदर आता या जगात नाही. अपात्र म्हणजे घर पाडलं जाणार आणि बदल्यात काही मिळणार नाही. अपील करायचं तर ते फक्त ऑनलाइन, आणि त्याची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती.

यात एक मेख होती. खातं चंदरनं स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं. तो गेला आणि नंबर बंद झाला. दुसऱ्या कुठूनही ते खातं उघडायला गेलं की साइट त्याच बंद नंबरवर ओटीपी पाठवायची. फक्त विहाराच्या अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवरचा जुना ब्राउझर चंदरला ओळखत होता. तिथून काही न विचारता दार उघडायचं. नंबर बदलून द्या म्हणून संघमित्रा कार्यालयात गेली, तर खिडकीतल्या माणसानं तिला सांगितलं की नंबर बदलायला खातेदारानं स्वतः हजर राहावं लागेल. एका खोलीला दुसरं खातं उघडता येत नव्हतं.

अभ्यासिकेत चंपावहिनी स्क्रीनसमोर बसल्या होत्या. रडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर चंदरच्या अक्षरात 'चंपा, इथं' असं लिहिलेलं. बायकोनं कुठल्या चित्रावर टिचकी मारायची ते कळावं म्हणून त्यानं तो लावून ठेवला होता.

त्या चिकटपट्टीच्या बरोब्बर वर ब्राउझर उघडा होता. नवा कोरा, स्वच्छ. त्यात चंदरचा फोटो नव्हता, खातं नव्हतं, काही नव्हतं. साइटवर एकच ओळ दिसत होती: नोंदणीकृत मोबाइलवर आलेला ओटीपी टाका.

२

काल संध्याकाळी याच खोलीत जो तमाशा झाला त्याला मी साक्षीदार होतो, म्हणून तो मीच सांगतो.

अपील पूर्ण भरून झालं होतं. कागद चढवले, फोटो चढवले. शेवटी 'सादर करा'वर टिचकी मारली तर लाल अक्षरात सूचना आली की आपला ब्राउझर जुना झाला आहे, तो अद्ययावत करा किंवा दुसरा ब्राउझर वापरा. साइटवाल्यांनी मधल्या काळात साइट बदलली होती.

मग काय, जो तो तज्ज्ञ झाला. संघमित्रा म्हणाली, अपडेट करू. घाटकोपरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला अल्पेश अभ्यासिकेचं काम बघतो, तोही आला होता. तो म्हणाला, अपडेटच्या भानगडीत पडू नका, मशीन म्हातारं आहे, मध्येच अडकलं तर वाट लागेल. त्यापेक्षा दुसरा ब्राउझर टाका. त्यावर संघमित्रा उसळली. दुसरा ब्राउझर बाबांना ओळखणार नाही, तो ओटीपी मागेल, मग काय करायचं, असं ती तावातावानं विचारत होती. तिचं बरोबर होतं. अल्पेशही अगदीच चूक नव्हता.

तिसरा आमचा नाना. नाना अभ्यासिकेची किल्ली सांभाळतो. आयुष्यभर कारखान्यात पंप चालवले आणि आताही सकाळी वस्तीचं पाणी तोच सोडतो. चंदरचा जिवाचा दोस्त. चंदर गेल्यावर त्यानं चंपावहिनींना कशाला म्हणून कमी पडू दिलं नाही. नानाला अपडेट या शब्दाचीच धास्ती. एकदा त्याच्या मोबाइलनं आपणहून अपडेट घेतलं आणि बायकोचे सगळे फोटो उडाले, तेव्हापासून तो ते बटण बघितलं तरी हात मागे घेतो.

"अपडेट करायचं नाही," नाना म्हणाला. "मोटार नीट चालत नसेल तर मोटार बदला. टाकीला कशाला हात लावता? पाणी टाकीत असतं."

सगळे हसले. नानाची गाडी फिरून फिरून पंपावर येते हे वस्तीला माहीत आहे. मीही हसलो. चंपावहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. शेवटी असं ठरलं की रात्रभर कुणी हात लावायचा नाही, सकाळी संघमित्रा अपडेट करेल आणि जे होईल ते होईल.

आणि सकाळी तिनं कॉम्प्युटर चालू केला तर ब्राउझर आधीच नवा झालेला होता.

३

"अपडेटनं असं पुसलं जातं का?" मी संघमित्राला विचारलं.

"नाही काका, तेच तर. अपडेट केलं तर आतलं सगळं राहतं. आणि कुणी दुसरा ब्राउझर टाकला असता तर जुना बाजूला पडलेला दिसला असता. इथं जुनं काहीच नाहीये. म्हणजे कुणीतरी मुद्दाम साफ केलंय." मग हळूच म्हणाली, "आणि ते कोण ते मला माहितीय."

तिनं अल्पेशला सकाळीच फोन करून चोर म्हटलं होतं. मला ते पटलं नाही. माणसाला आधी चोर म्हटलं की त्याच्याकडून पुढे माहिती मिळत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो काय म्हणाला, असं मी विचारलं.

तो म्हणे भडकला. मी सकाळी आलो, नानांनी दिलेला जुना माल उचलला आणि गेलो, तुमच्या ब्राउझरला बोटसुद्धा लावलं नाही, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो तिचा फोन घेत नव्हता.

जुना माल म्हणजे काय हे त्या क्षणी मी विचारायला हवं होतं. अभ्यासिकेत भंगार पुष्कळ होतं. मेलेला पंखा, फुटका कीबोर्ड. मी ते सोडून दिलं आणि नमिताच्या दारात गेलो.

नमिता आमच्या नियोजित सोसायटीची सेक्रेटरी. तिच्याकडे अभ्यासिकेची दुसरी किल्ली असते, आणि इमारत लवकर उभी राहावी म्हणून ती सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागलेली असते. चंपावहिनींचं अपील म्हणजे तिच्या दृष्टीनं खोळंबा, असं वस्तीत बोललं जात होतं. मी सरळच विचारलं. तिनंही सरळच उत्तर दिलं.

"काका, डोकं चालवा ना जरा. अपात्र बाई खोली खाली करेल का? ती दारात बसून राहणार, आम्ही सगळे अडकणार. ती पात्र झाली तर माझं काम सोपं होतं. मी कशाला तिचं पुसू?"

तर्क चोख होता आणि मला माझ्या वयाची लाज वाटली. निघताना ती म्हणाली की काल किल्ली तिनं हुकवरून काढलीच नव्हती. आज सकाळी मात्र पाणी यायच्या आधी अभ्यासिकेत दिवा दिसला होता.

पाणी यायच्या आधी जागा असणारा माणूस आमच्या वस्तीत एकच आहे.

४

नाना पंपाच्या खोलीबाहेर कट्ट्यावर बसला होता. ऊन चढलं होतं तरी सावलीत सरकला नव्हता. सकाळी अभ्यासिकेत कशाला गेला होतास, असं मी विचारलं तर म्हणाला, झाडू मारायला. जयंतीसाठी रंग दिलाय ना, खाली पापुद्रे पडतात.

त्याचा मोबाइल वाजला. त्यानं नाव बघितलं आणि बंद केला. आम्ही दोन शब्द बोललो तेवढ्यात तो पुन्हा वाजला, पुन्हा त्यानं बंद केला.

"कोण आहे?"

"कर्जवाले. देऊ का, देऊ का, दिवसभर चालू असतं त्यांचं." एवढं बोलून त्यानं फोन पूर्णच बंद करून खिशात टाकला.

मी कैक खोटारडी माणसं बघितली आहेत. नानासारखं वाईट खोटं बोलणारा माणूस बघितला नव्हता. पण याच नानानं चंदरच्या आजारपणात स्वतःची रजा संपवली होती. त्यानं चंपावहिनींचं घर घालवावं? माझं ते गणित जमेना. मी त्याला म्हटलं, "नाना, पाचच्या आत काही सापडलं नाही तर वहिनी रस्त्यावर येतील. तुला काही सांगायचंय का?"

त्यानं मानेनंच नाही म्हटलं. त्याचे डोळे मात्र भरलेले होते, आणि ते बघून मी जास्तच हबकलो.

जेवणाची वेळ टळून गेली होती. संघमित्रा तोवर कार्यालयात फोन लावत होती. मुदत वाढवा, कागद हातानं घ्या, माणूस पाठवा, सगळं मागून झालं. पलीकडून दर वेळी तेच उत्तर येत होतं की साइटवर करा. तिनं चंदरच्या नंबरसाठी मोबाइल कंपनीलाही विचारलं; तो नंबर कधीच दुसऱ्या कुणाला दिला गेला होता. तिनं त्या माणसाला फोन लावला. तो कुठल्याशा गावचा होता आणि त्याला वाटलं ही फसवणूक आहे. ओटीपी कुणालाही सांगू नये, एवढं त्याला पक्कं शिकवलेलं होतं.

तिनं फोन ठेवला आणि आईच्या मांडीवर डोकं टेकलं. चंपावहिनी तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "राहू दे गं. तुझ्या बाबांनी ही खोली हातानं बांधली. पत्रे मी धरले होते. आता मी तिथं राहत होते हे मलाच सिद्ध करायला सांगतात."

मला तिथं बसवेना. नजर चुकवायला म्हणून मी खाली बघितलं, आणि टेबलाखालचा सीपीयू, तो काळा डबा, पहिल्यांदा नीट बघितला.

५

रंगारी आठवड्यापूर्वी आला होता. आमच्या वस्तीच्या रंगाऱ्याला काही झाकून ठेवायची सवय नाही. त्यामुळे अभ्यासिकेतल्या प्रत्येक वस्तूवर निळे शिंतोडे होते. टेबलावर होते, खुर्चीवर होते, स्क्रीनच्या पाठीवर होते, टेबलाखालच्या लाकडी फळीवरही होते.

सीपीयूवर एकही नव्हता.

मी गुडघे टेकून खाली बसलो. फळीवर शिंतोड्यांच्या मधोमध एक चौकोन कोरा राहिला होता, आणि आताचा डबा त्या चौकोनाहून बोटभर अरुंद होता.

संघमित्राचं सकाळचं वाक्य मला आठवलं. अपडेट केलं असतं तर आतलं राहिलं असतं. दुसरा ब्राउझर टाकला असता तर जुना तिथंच पडलेला असता. इथं दोन्ही नव्हतं. म्हणजे ब्राउझरला कुणी काहीच केलं नव्हतं. हा तो कॉम्प्युटरच नव्हता.

कोपऱ्यात एक खोका होता. संघमित्राच्या ऑफिसनं अभ्यासिकेला एक वापरलेला पण चांगला सीपीयू दिला होता. अल्पेशनं तो तयार करून, नानाच्या हट्टापायी, जुना चालू केला की स्क्रीनवर दिसायचा तोच विहाराचा फोटो त्यात लावून, खोक्यात घालून ठेवला होता. जयंतीनंतर जोडायचा होता. मी खोका उचलला आणि तो पिसासारखा हलका लागला. आत फक्त थर्माकोल होता.

"नानाला बोलवा," मी म्हटलं.

नाना आला. दारातच उभा राहिला. मी काही विचारायच्या आत रिकाम्या खोक्याकडे बघून तो खालीच बसला.

त्यानं जे सांगितलं ते तुटक होतं, मी जोडून सांगतो. रात्रभर त्याला झोप नव्हती. सकाळी अपडेट होणार आणि बायकोचे फोटो उडाले तसा चंदर उडणार, एवढंच डोक्यात. मग त्याला आठवलं की खोक्यातल्या डब्यात नवा ब्राउझर अल्पेशनं आधीच टाकलाय. पहाटे त्यानं जुना डबा काढला आणि नवा लावला. वायरी त्याला कळतात, पंपवाला माणूस. स्क्रीन तीच ठेवली. चंपावहिनींचं सगळं तो रोज त्या स्क्रीनवरच बघत आला होता, तिच्यावर चंदरची चिठ्ठी होती. डबा काय, नुसती खालून घरघरणारी मोटार. मोटार बदलली तरी टाकीतलं पाणी टाकीतच राहतं. अपडेटही नको आणि दुसरा ब्राउझरही नको, असा त्याचा हिशेब होता.

काल संध्याकाळी तो हेच सांगत होता आणि आम्ही हसत होतो.

"मला वाटलं, सकाळी तुम्ही बघाल आणि सगळं सरळ झालेलं असेल," तो म्हणाला. "वहिनी, मी चंदरला पुसला."



"जुना डबा कुठाय, नाना?" संघमित्रानं विचारलं.

नवा लावला की जुना अल्पेशला द्यायचा, तो साफ पुसून बालवाडीला देणार, असं कधीचं ठरलेलं होतं. अल्पेश सकाळी स्कूटरवरून आला. नानानं तेव्हा स्क्रीन उघडूनसुद्धा बघितली नव्हती. डबा त्याच्या हातात दिला आणि वर सांगितलं, नीट पुसून घे हां.

६

नानाचा फोन चालू केला. त्यावर अल्पेशचे कितीतरी फोन येऊन गेलेले दिसले. कर्जवाले ते हेच. नाना म्हणाला, तो विचारेल की ब्राउझर कुणी बदलला, आणि मला सांगावं लागेल, म्हणून उचलला नाही. आम्ही लावला तर आता तो उचलेना. संघमित्राचा तर तो सकाळपासूनच घेत नव्हता. मी माझ्या फोनवरून लावला. नुसती घंटी वाजत राहिली.

रिक्षात आम्ही चौघं बसलो. रिक्षावाला नाही म्हणत होता, पण वहिनींकडे बघून त्यानं मीटर पाडला. एलबीएस रोडवर खोदकाम, त्यात एक टेम्पो आडवा. मला आयुष्यात कुठल्या दाव्याची एवढी भीती वाटली नव्हती. जळालेल्या गोदामात राख तरी असते. पुसलेल्या डब्यात तीही नसते. नाना गुडघ्यांवर मुठी आवळून बसला होता आणि ओठांतल्या ओठांत चंदरशी काहीतरी बोलत होता.

अल्पेशच्या दुकानासमोरही रस्ता फोडत होते. ड्रिलच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं, फोन कुठून ऐकू येणार. आत निळ्या शिंतोड्यांचा जुना डबा टेबलावर होता. त्याला वायरी जोडलेल्या होत्या आणि अल्पेशचा हात कीबोर्डवर होता.

संघमित्रानं तो हातच धरला.

अल्पेश आधी तिच्याकडे बघून चिडला, मग आमचे चेहरे बघून उठून उभा राहिला. "मी दुपारी चालू केला," तो ड्रिलवर आवाज चढवून म्हणाला. "ब्राउझर उघडला तर चंदरभाईंचा फोटो. मी म्हटलं, कुणाचा फोटो असा न विचारता कसा पुसायचा? नानांना किती फोन केले. उचलतच नाही. मग म्हटलं, खातं पुसलं गेलं असं तुम्हीच सकाळी म्हणालात, म्हणजे नुसता फोटोच उरलाय, आणि नाही म्हणाले नाही म्हणजे हो. आता बसलोच होतो बघा."

स्क्रीनच्या कोपऱ्यात छोट्या गोलात चंदर होता. मिशी नीट कातरलेली, कुठल्याशा लग्नातला फोटो. मी घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं.

संघमित्रानं साइट उघडली. ओटीपी मागितला नाही. भरलेलं अपील जसंच्या तसं होतं. तिनं 'सादर करा' दाबलं आणि तीच लाल सूचना आली. आम्ही कालच्याच जागी येऊन उभे होतो, फक्त आता वेळ जवळजवळ नव्हता.

अल्पेश म्हणाला, या मशीनला शेवटचं एक अपडेट चालेल, पण मध्ये लाइट गेली किंवा अडकलं तर मी जबाबदार नाही. नाना तोंड फिरवून उभा राहिला. संघमित्राचा हात माउसवर होता. कालपासून तावातावानं अपडेट करा म्हणणारी ही मुलगी, आता तिला ते बटण दाबवेना.

"मला नीट सांग," चंपावहिनी म्हणाल्या. "दुसरा घेतला तर?"

"तर तो बाबांना ओळखणार नाही, आई. आपण कोण ते पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागेल."

"आणि हाच नवा केला तर?"

"घरात राहूनच पत्रे बदलल्यासारखं. आतलं तसंच राहतं." ती अडखळली. "राहायला हवं."

वहिनींनी क्षणभर त्या गोलातल्या फोटोकडे बघितलं. "मग पत्रेच बदला," त्या म्हणाल्या. "मी कोण ते सिद्ध करून करून थकले." मग वळून म्हणाल्या, "नाना, तुम्ही दाबा."

नाना म्हणाला, नको वहिनी, माझा हात वाईट आहे. त्यावर त्या म्हणाल्या की ह्यांना शेवटचं पाणी तुमच्याच हातानं पाजलं होतं, तेव्हा तो हात वाईट नव्हता.

नाना पुढे आला. त्यानं ते बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

ब्राउझर बंद झाला. स्क्रीनवर विहाराचा फोटो तेवढा राहिला. बाहेर ड्रिल थांबलं होतं आणि दुकानात कुणी हलत नव्हतं. मला वाटलं, गेलं. संघमित्रानं तोंडावर हात धरला. मग खिडकी आपोआप पुन्हा उघडली, आधी पांढरी, नंतर कोपऱ्यात छोटा गोल, आणि गोलात मिशी नीट कातरलेला चंदर.

"नाना, डोळे उघडा," वहिनी म्हणाल्या.

संघमित्रानं 'सादर करा' दाबलं आणि अपील सादर झालं. पोच आली. पाच वाजायला थोडाच अवकाश होता. संघमित्रानं अल्पेशची माफी मागितली, त्यानं चहा मागवला. घर मिळेल की नाही ते मला आजही ठाऊक नाही. सुनावणीची तारीख अजून लागायची आहे. त्या दिवशी एवढंच झालं की दार बंद झालं नाही.

येताना नानानं तो डबा रिक्षात तान्ह्या पोरासारखा मांडीवर धरला होता. अभ्यासिकेत आल्यावर त्यानं वायरी जोडल्या आणि मग नखानं हळूहळू, एक कोपरा न फाडता, स्क्रीनवरची चंदरची चिकटपट्टी सोडवली. वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. त्यानं ती डब्यावर, निळ्या शिंतोड्यांच्या मधे, अंगठ्यानं दाबून बसवली.

मग वहिनींनी नवी पट्टी कापून घेतली. त्यावर स्वतःच्या अक्षरात 'चंपा' लिहिलं, खाली खोलीचा नंबर घातला, आणि जुनी होती तिथं स्क्रीनच्या कडेला लावली.